प्रवासाच्या कार्यक्रमाचं निवेदन: अष्टागरातला एक भाग, पहिल्या कागदापासून शेवटच्या बिलापर्यंत

प्रवासाच्या कार्यक्रमाचा निवेदक म्हटलं की डोळ्यांसमोर फिरणं येतं. प्रत्यक्षात या कामात फिरण्यापेक्षा थांबणं जास्त असतं. उजेडासाठी थांबायचं, ओहोटीसाठी थांबायचं, मागून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज विरेपर्यंत थांबायचं. अर्ध्या तासाच्या भागात निवेदक कॅमेऱ्याकडे बघून बोलतो ती सगळी मिळून चार-पाच मिनिटं. बाकी वेळ पडद्यावर जागा असते, माणसं असतात, आणि वर तुमचा आवाज असतो. त्या चार-पाच मिनिटांसाठी योग्य घटकेला योग्य जागी उभं राहून एकच गोष्ट सांगता आली, की निम्मी नोकरी जमली.

नवख्यांना हे सूत्रांत सांगून कळत नाही, म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू: जानेवारीत अलिबागजवळच्या अष्टागरात दोन दिवसांत चित्रित करायचा अर्ध्या तासाचा मराठी भाग. माणसं सात-आठ: दिग्दर्शक, कॅमेरामन, त्याचा सहायक, साउंड रेकॉर्डिस्ट, प्रॉडक्शनवाला, स्पॉटदादा, चालक आणि तुम्ही.

आधी मिनिटं मोजा

नियमानुसार वाहिनीला तासाला १२ मिनिटं जाहिराती आणि स्वतःचे प्रोमो दाखवता येतात. म्हणजे अर्ध्या तासातली सहा गेली. शीर्षक, 'पुढच्या भागात', ब्रेकआधीची झलक यांत आणखी दोनेक जातात. हातात उरतात २१-२२ मिनिटं, आणि तीही ब्रेकमुळे चार तुकड्यांत वाटलेली. एका तुकड्याला सव्वापाच मिनिटं धरा.

नवखा माणूस इथेच पहिली चूक करतो. यादीत किहीम, वरसोली, नागाव, काशीद, दोन देवळं, एक वाडी आणि पांढरा कांदा, सगळं कोंबतो. मग कुठेही दीड मिनिटाहून जास्त थांबता येत नाही आणि भाग सहलीच्या पत्रकासारखा होतो. चार तुकड्यांना चारच गोष्टी घ्या: कुलाबा किल्ला, आक्षीचा शिलालेख, चौल-रेवदंडा आणि रात्रीची पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. पांढरा कांदा राहिला म्हणून कुणी वाहिनी बदलत नाही.

तिथी बघा, मग तारीख ठरवा

कुलाबा किल्ल्याला ओहोटीत चालत जाता येतं. भरतीला मधला रस्ता पाण्याखाली जातो. म्हणजे शूटिंगची तारीख तुमच्या सोयीने ठरत नाही, ती चंद्र ठरवतो. कोकण किनाऱ्यावर वापरात असलेला हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणून साधारण सहा तास आधी, साडेसातला ओहोटी. तृतीयेला भरती सव्वादोनला आणि ओहोटी सव्वाआठला. हिशेब अर्ध्या तासाने इकडेतिकडे होतो, त्यामुळे भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक बघाच आणि किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारा. त्यांचं पोट त्या पाण्यावर चालतं, ते चुकत नाहीत.

अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, सोयीची वाटते, पण ती भांगाची ओहोटी. पाणी फारसं मागे हटत नाही आणि ऊन डोक्यावर असतं. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया उत्तम: उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप आत जातं आणि ते नेमकं सकाळच्या उजेडात. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. ओहोटीच्या आधी तासभर निघा आणि नंतर तास-सव्वातासात परत किनारा गाठा. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे. सगळ्यांनाच तिथे रमावंसं वाटतं. घड्याळ बघायची जबाबदारी एकाच माणसाला द्या, आणि तो माणूस दिग्दर्शक नसावा.

उजेडाचाही असाच हिशेब आहे. किल्ला किनाऱ्याच्या पश्चिमेला. सकाळी ऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागून थेट किल्ल्यावर पडतं, तटाचे दगड सुरेख दिसतात, पण तेच ऊन तुमच्या डोळ्यांत घुसतं. उपाय दोन: सूर्याला सरळ तोंड न देता थोडं तिरकं उभं राहा, आणि 'अ‍ॅक्शन' म्हणेपर्यंत डोळे मिटून चेहरा उन्हाकडे धरा. उघडल्यावर पंधरा-वीस सेकंद डोळे बारीक होत नाहीत. तेवढ्यात वाक्य संपवायचं. संध्याकाळी सूर्य किल्ल्यामागे जातो. दृश्य देखणं होतं, पण तुमचा चेहरा काळा पडतो, म्हणून सहायकाने रिफ्लेक्टर, म्हणजे चेहऱ्यावर उजेड परतवणारा पडदा, धरायलाच हवा. समुद्राच्या वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो; दोन माणसं लागतात.

परवानगीचे कागद

हे काम प्रॉडक्शनचं, पण अडवतात तेव्हा चेहरा ओळखीचा म्हणून पुढे निवेदकालाच ढकलतात. तेव्हा कोणती जागा कुणाच्या ताब्यात हे तुम्हाला माहीत हवं. कुलाबा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. थळच्या किनाऱ्यावरून दिसणारा खांदेरी मात्र राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात, एक तमिळनाडूतला जिंजी. महाराष्ट्रातल्या अकरांपैकी साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याकडे, उरलेले सात केंद्राकडे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला की महिना तिथेच जातो. राज्यभरातल्या शूटिंगच्या परवानग्यांसाठी गोरेगावच्या चित्रनगरीतून चालणारी एक खिडकी आहे. तिथून सुरुवात केलेली बरी. शिवाय स्थानिक पोलीस ठाण्यात पत्र द्या आणि पोच घेतलेली प्रत गाडीत ठेवा.

ड्रोनचं वेगळं. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात मोडतो. त्याहून जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवायचा तर उडवणाऱ्याकडे परवाना हवा. संरक्षित स्मारकावर मात्र नॅनोलाही वेगळी परवानगी लागते. 'लहानच आहे' हे कारण चौकीदार ऐकत नाही आणि त्याचं बरोबर आहे.

कॅमेऱ्यासमोर: पीटीसी

कॅमेऱ्याकडे बघून बोलायच्या तुकड्याला सेटवर 'पीटीसी' (पीस टू कॅमेरा) किंवा नुसतं 'लिंक' म्हणतात. लांबी २० ते ३० सेकंद. सावकाश मराठी बोललं तर एवढ्यात ४० ते ६० शब्द बसतात, जास्त नाही. नवख्याची लिंक अशी असते:

'नमस्कार मंडळी, आज आपण आलेलो आहोत निसर्गरम्य अशा अलिबागमध्ये, आणि माझ्यामागे तुम्ही पाहू शकता ऐतिहासिक असा कुलाबा किल्ला, जो अत्यंत सुंदर आहे…'

यात एकही गोष्ट अशी नाही जी प्रेक्षकाला समोर दिसत नाही. दिसतंय ते सांगू नका. न दिसणारं सांगा. म्हणजे असं:

'मी उभा आहे ती ओली वाळू बघा. आता इथून चालत किल्ल्यात जाता येतं. दुपारी दीडला याच जागेवरून होडी जाईल. कुलाबा किल्ल्याचा हा रस्ता दिवसातून दोनदा बुडतो आणि दोनदा वर येतो. आमच्याकडे दीड तास आहे. चला.'

पस्तीस शब्द, एक विशेषण, एक घड्याळाची वेळ, आणि शेवटी प्रेक्षकाला हात धरून पुढच्या दृश्यात नेणारा शब्द. वाक्यं पाठ करू नका. पाठ केलेलं डोळ्यांत दिसतं, बुबुळं वर जातात. तीन खुंट्या लक्षात ठेवा: पहिलं वाक्य, मधली एक माहिती, शेवटचं वाक्य. मधलं बोलण्याच्या ओघात येऊ द्या. एका लिंकमध्ये एकच सन. दोन आले की घरचा माणूस दोन्ही विसरतो.

चालत बोलायचं असेल तर क्रम असा. आधी न बोलता एकदा चालून बघा. संपायची जागा शिंपल्याने किंवा काडीने खूण करून ठेवा. 'अ‍ॅक्शन'नंतर दोन पावलं मुकाट चाला, मग बोला. खुणेवर पोचून वाक्य संपवा आणि नंतर तीन सेकंद तसेच उभे राहा, चेहरा न पाडता. ही सुरुवातीची दोन पावलं आणि शेवटचे तीन सेकंद संकलकासाठी असतात. ते नसले की त्याला कापायला जागाच मिळत नाही. बोलून झाल्या झाल्या 'ठीक होतं ना?' म्हणत दिग्दर्शकाकडे वळणारे निवेदक संकलनाच्या खोलीत फार शिव्या खातात.

बघायचं ते भिंगात. कॅमेरामनच्या चेहऱ्याकडे नाही, बाजूला उघडलेल्या मॉनिटरकडे तर मुळीच नाही. नजर चार बोटं सरकली तरी घरी कळते.

चौथ्या-पाचव्या टेकनंतर सहसा सुधारणा होत नाही, फक्त थकवा वाढतो. एवढ्यांदा अडखळत असाल तर दोष तुमच्या जिभेचा नसून वाक्याचा असतो. जोडाक्षरं मोजा, वाक्य तोडा.

आवाजाचं

लेपल माइक, म्हणजे कपड्याला अडकवायचा छोटा माइक, हनुवटीखाली वीतभर. कपड्याआड दडवला तर कापड घासल्याचा आवाज येतो. सुती कपडा कमी घासतो, नायलॉन आणि कडक इस्त्रीची साडी जास्त. किनाऱ्यावर माइकला केसाळ टोपी घालावीच लागते. शक्य असेल तर वाऱ्याकडे पाठ करा, तुमचं अंगच आडोसा होतं. लांब केस मात्र तोंडावर येतात, बांधून ठेवा. वाऱ्यावर मात करायला ओरडू नका. ओरडून बोललेली लिंक नंतर शांत खोलीत केलेल्या व्हॉइस ओव्हरला जुळत नाही. एकच माणूस दोन माणसांसारखा वाटतो. प्रत्येक जागा सोडण्याआधी सगळ्यांनी गप्प राहून मिनिटभर नुसता तिथला आवाज घ्यायचा. कुलाब्याच्या तटावरची गाज मुंबईच्या स्टुडिओत मिळत नाही.

कपडे

बारीक रेघा आणि बारीक चौकडी नको, पडद्यावर थरथरतात. पांढराशुभ्र उन्हात फुटतो, करड्यावर घामाचे डाग दिसतात. गडद निळा, मातकट लाल, हळदी चालतात. एकाच रंगाचे दोन सारखे शर्ट घ्या, कारण चिखलात बसल्यावर दुसरी लिंक भागात पहिलीच्या आधी लागणार असते. घड्याळ, धागा, गॉगल: सकाळी घातलं ते संध्याकाळपर्यंत तसंच. दर जागी मोबाइलवर स्वतःचा एक फोटो काढून ठेवा.

माहितीची खात्री

आक्षीचा शिलालेख हा मराठीतला 'पहिला' असं बेधडक म्हणू नका. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, हे वाचन प्रचलित आहे आणि तो सर्वांत जुन्या मराठी लेखांत गणला जातो. पण श्रवणबेळगोळच्या लेखाला पहिला मानणारेही बरेच आहेत. 'सर्वांत जुन्यांपैकी एक' म्हटल्याने लिंकची गंमत कमी होत नाही आणि पत्रंही येत नाहीत. उलट मोकळेपणी सांगण्यासारखं इथे भरपूर आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी चौलच्या बंदरात उतरला होता. मुंबईत ट्रामगाड्या विजेवर धावू लागणार म्हणून तिथल्या कुलाबा भागातल्या वेधशाळेतलं चुंबकीय मोजमाप १९०४ साली अलिबागला हलवावं लागलं. असे तुकडे भागाला उभं करतात.

वाटाड्या सांगतो ते भुयार, ती गुप्त वाट, तो खजिना, सगळं ऐका, घ्यायचं तर घ्या, पण 'इथले लोक असं सांगतात' हे शब्द आधी. छत्रपती शिवाजी महाराज, कान्होजी आंग्रे यांच्याबद्दल बोलताना क्रियापद आदरार्थीच. घाईत एकदा एकेरी गेलं तर तो टेक दिग्दर्शकाला सांगून पुसून टाका.

गावांची नावं स्थानिक माणसाकडून वदवून घ्या. हर्णैचं 'हरने' करणारा निवेदक दापोलीच्या प्रेक्षकाला पुढे काहीही सांगो, तो ऐकत नाही.

माणसांशी बोलताना

प्रश्न छोटा. 'कसं वाटतं?' हा प्रश्न नव्हे. त्याला 'बरं वाटतं' एवढंच उत्तर येतं. 'मावशी, पाणी चढायला लागलं हे तुम्हाला आधी कशावरून कळतं?' हा प्रश्न. समोरच्याला सांगा की उत्तरात प्रश्नातले शब्द घ्या, कारण तुमचा प्रश्न बहुधा कापला जाणार. मध्ये 'हं, हं, बरोबर' करू नका, मान हलवा. तुमचा हुंकार त्यांच्या वाक्यावर बसला की तो काढता येत नाही. उत्तर संपल्यावर दोन सेकंद थांबा. खरी गोष्ट बऱ्याचदा त्या शांततेत येते.

वयाने मोठ्यांना मावशी, काका, आजी. बरोबरीच्यांना दादा, ताई. त्यांची बोली सुधारू नका आणि तिची नक्कलही करू नका. बोलणं झाल्यावर संमतीपत्रावर सही घ्या आणि पूर्ण नाव त्यांच्याकडूनच लिहून घ्या. ॲस्टनवर, म्हणजे पडद्याखालच्या नावपट्टीवर, आडनाव चुकलं तर त्या घरात तो भाग पुन्हा लागत नाही.

पोपटी: खाण्याचं दृश्य

रायगड जिल्ह्यातली थंडीची मजा. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, हवे तर बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन. वरून पुन्हा पाल्याने तोंड घट्ट बंद. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. मडकं उलटं ठेवून भोवती काटक्या-पेंढ्याचा जाळ, अर्धा-पाऊण तास.

अडचण अशी की मडकं एकदाच उघडतं. वाफ दोन मिनिटांत जाते आणि दुसऱ्या टेकला ती आणता येत नाही. म्हणून शक्य तर दोन मडकी लावा, वीस मिनिटांच्या अंतराने. पहिलं उघडताना कॅमेरा लांबून: माणसं, जाळ, तुमचा चेहरा. दुसऱ्याला जवळून: पाला सरकतो, वाफ, शेंगा. वेळ सूर्यास्तानंतरची वीस मिनिटं, आकाशात अजून निळं असताना. पूर्ण काळोख झाला की नुसता जाळ दिसतो, त्याभोवतीची वाडी दिसत नाही.

पहिला घास खरोखर पहिला असावा. आधी चव बघून नंतर आश्चर्य करणं लगेच ओळखू येतं. घास छोटा, कारण नंतर बोलायचं असतं. चावा, गिळा, मग बोला. 'अप्रतिम', 'भन्नाट', 'मस्त' हे तीन शब्द त्या रात्रीपुरते बंद ठेवा. काय लागतं ते सांगा: शेंगेचं साल करपलेलं पण आतला दाणा लोण्यासारखा मऊ, पाल्याचा उग्र वास मिठात उतरलेला. शेंग दातांनी कशी ओढायची ते हाताने दाखवा. घरी बसलेल्याला चव मिळत नाही, कृती मिळते.

धोके

किल्ल्यांच्या कड्यांवर आग्या मोहोळ असतं. अत्तर, धूर आणि ड्रोनची घरघर, तिन्हींनी माश्या उठतात. गडावर जाताना अंगाला सुगंधी काही लावू नका. शेवाळलेल्या तटावर पाय घसरतो, ओहोटीनंतरचे कालवं चिकटलेले खडक अनवाणी पायाला कापतात. 'अजून दोन पावलं मागे' असं कॅमेऱ्याआडून कुणी म्हणालं तर आधी वळून बघा. कॅमेरामनला तुमच्या मागचा उतार भिंगातून सपाट दिसतो. प्रत्येकी तीन लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी, आणि दुपारी जड जेवण नाही.

विमानाने जायचं झालं तर लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात. १०० वॉट-अवरपर्यंत चालतात, १०० ते १६० ला विमान कंपनीची आधी संमती लागते. चेक-इनच्या बॅगेत सुट्ट्या बॅटऱ्या टाकल्या तर बॅग उघडून काढतात आणि दिवस बुडतो.

व्हॉइस ओव्हर

संकलित दृश्य समोर ठेवूनच लिहा. पाच सेकंदांच्या दृश्याला आठ-नऊ शब्द. दृश्य बोलत असेल तिथे तुम्ही गप्प. कागदावर श्वासाच्या जागी तिरकी रेघ मारा, आकडे अक्षरांत लिहा. ध्वनिमुद्रणाआधी ताक, दही आणि बर्फाचं टाळा. कोमट पाणी पुरतं. 'च', 'ज', 'झ' यांचे दोन-दोन उच्चार आणि 'ळ', 'ण' हे मराठीत लपत नाहीत. शंका आली तर मोठ्याने तीनदा वाचून आधी मोबाइलवर ऐका.

काम मिळवायचं तर

दोन मिनिटांची रील पुरते. मोबाइल आडवा धरा, २५ फ्रेम, शटर १/५०, म्हणजे आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत नाही. गावाजवळची एकच जागा घ्या. तिच्यात उभं राहून एक लिंक, चालत एक लिंक, एका स्थानिक माणसाशी मिनिटभर गप्पा आणि वीस सेकंद व्हॉइस ओव्हर. सुरुवातीला संगीतावर केस उडवणारे मोंटाज नकोत. निवड करणारा पहिल्या दहा सेकंदांत तुमचं पहिलं वाक्य ऐकायला बसलेला असतो. माइक मात्र बाहेरचा लावा. धूसर चित्र चालवून घेतात, वाऱ्यात हरवलेला आवाज नाही.

करारात बघायच्या गोष्टी: मानधन दिवसाला की भागाला (पावसाने दिवस वाढला तर कोण सोसणार?), प्रवास-मुक्काम-विमा कुणाकडे, पुनःप्रक्षेपण आणि ओटीटीवर गेल्यास वेगळे पैसे आहेत का, दुसऱ्या वाहिनीवर किती काळ काम करता येणार नाही. मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो. विवरणपत्र भरलं तर हिशेबात धरला जातो, नाहीतर राहतो तिथेच. पैसे प्रक्षेपणानंतर दोन-तीन महिन्यांनी येणं नेहमीचं, त्यामुळे बिल शूटिंग संपल्याच्या आठवड्यातच पाठवा आणि त्यावर भाग क्रमांक, शूटिंगच्या तारखा आणि प्रॉडक्शनवाल्याचं नाव लिहा. नुसतं 'अलिबाग शूट' लिहिलेलं बिल लेखा विभागात कुणालाच ओळखू येत नाही.